चढाईला पहिला कोण?

पेण-रोह्याकडे भाताची कापणी उरकत आली की गावोगावच्या कबड्डी मंडळांत एकच विषय निघतो: यंदा संघात कोण? मैदान अजून तयार व्हायचं असतं. माती चाळायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, विजेचे खांब बघायचे ही कामं बाकी असतात. पण देवळाच्या सभामंडपात रात्रीची जेवणं आटोपून मंडळी जमतात आणि बारा नावांवरून वाद रंगतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम पावसाच्या तोंडापर्यंत चालतो, आणि त्यात काय होणार हे बरंचसं या बैठकांत ठरतं, असं माझं अनुभवांती मत झालं आहे.

मी पेण तालुक्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि संध्याकाळी गावच्या मंडळाचा संघ सांभाळतो. सासुरवाडी रोह्याची, त्यामुळे कुंडलिकेकाठच्या मंडळांच्या बैठकांनाही अनेकदा बसलो आहे. दोन्हीकडे चर्चेचा सूर एकच. वडीलधारे बोलतात, जुने खेळाडू बोलतात, ज्यांची पोरं खेळतात ते तर बोलतातच. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती पोरं मात्र कठड्यावर गप्प बसून ऐकत असतात.

आमच्याकडे संघनिवडीला हाच मुहूर्त का, हे इथल्या कामधंद्यावरून कळतं. 15 जुलैला, शंकरराव तथा बुवा साळवी यांच्या जन्मदिवशी, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशी आम्हीही पोरांना एकत्र करतो, पण संघाचं बोलणं तेव्हा काढून उपयोग नसतो. हमरापूर-जोहे भागातली पोरं गणपतीच्या कारखान्यांत दिवसरात्र गुंतलेली असतात. कुणी साच्यातून मूर्ती काढतो, कुणी रंगकाम करतो, कुणी डोळ्यांची आखणी करतो. चतुर्थी होईपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. गणपती झाले की नवरात्र, आणि मग भातकापणी. ती आवरली की शरीरं मोकळी होतात. कापणीत वाकून वाकून कंबर आणि मांड्या तयार झालेल्या असतात. दमसास आणि चपळाई मात्र नव्याने कमवावी लागते.

खेळाचा हिशेब असा. संघ जास्तीत जास्त बारा जणांचा, त्यांतले सात मैदानात आणि पाच राखीव. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. एक चढाई तीस सेकंदांची. सातांमध्ये साधारण दोन कोपरे, त्यांच्या शेजारी दोन कव्हर आणि तीन चढाईचे गडी, अशी मांडणी असते. कागदावर हे सोपं दिसतं. वाद सुरू होतो तो पहिल्या चढाईला कुणी जायचं यावरून.

पहिली चढाई मानाची, ती गावातल्या सगळ्यात नावाजलेल्या गड्याने करावी, असं जुन्या मंडळींचं म्हणणं. त्यांच्या जागी ते बरोबरही आहेत. लोक रात्र रात्र जागतात ते त्या गड्याला बघायला. त्याने मांडीवर थाप मारून मध्यरेषा ओलांडली की अख्खं मैदान सरसावून बसतं आणि समोरच्या संघावर दडपण येतं. आमच्या मंडळात एक काका आहेत, त्यांच्या काळातले नामवंत चढाईपटू. ते दरवर्षी मला सांगतात, "मास्तर, वाघाला पिंजऱ्यात ठेवून उपेग नाय. रगत थंड झालं की मंग त्याचा पाय उचलत नाय." यातला अनुभव मी मानतो. बराच वेळ चढाई न मिळालेला गडी खरोखरच बिचकतो.

तरीही माझा आग्रह वेगळा असतो आणि त्याला कारण आहे. सामना सुरू होताना समोर सातही गडी उभे असतात. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. म्हणजे सुरुवातीच्या चढाया बोनसवाल्याच्या. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनसरेषा. एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवायचा, दुसरा हवेत ठेवायचा आणि कोपऱ्याने घोटा धरायच्या आत माघारी फिरायचं. हे काम लांब पायांच्या, थंड डोक्याच्या गड्याचं. तो एक गुण घेऊन येतोच, शिवाय डावा कोपरा किती पुढे सरकतो, उजवं कव्हर कधी झेपावतं हेही बघून येतो. ही माहिती मुख्य चढाईपटूला मिळाली की त्याची पहिली चढाई आंधळी राहत नाही.

पुढचा वाद याहून नाजूक. मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला तर चढाईला कुणी जायचं? कबड्डीत बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर जातात त्याच क्रमाने उठतात. समजा आमचे दोन्ही कोपरे आधी बाद झाले आणि मग मुख्य चढाईपटू पकडला गेला. आता त्याला उठवायला समोरचे तीन गडी टिपावे लागणार, कारण आधी कोपरे उठणार आणि मग तो. बोनसच्या गुणावर गडी उठत नाही. म्हणजे अशा वेळी बोनसवाला धावफलक हलवील, पण आपला मोहरा बाहेरच राहील. तिथे हवा तो हाताने किंवा पायाने एक गडी नक्की टिपून आणणारा, भले एकच. या गड्याचं नाव गावात कुणी घेत नाही, पोस्टरवर त्याचा फोटो नसतो, पण संघ त्याच्या जिवावर तगतो. बैठकीत मी त्याच्या नावासाठी सगळ्यात जास्त भांडतो.

तिसरी जागा 'तिसऱ्या चढाई'ची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. या चढाईला समोरचा संघ टपलेला असतो. तिथे ताकद लागते, आणि त्याहून जास्त लागते ती हार पचवायची तयारी. पकडला गेला तर पुढच्या वेळी पुन्हा त्याच हिमतीने जाईल असा गडी मी शोधतो. काही पोरं एकदा पकडली गेली की उरलेला सामना मध्यरेषेच्या आसपासच घुटमळतात. त्यांच्यात गुण नसतात असं नाही, त्यांची जागा दुसरी असते.

शाळेच्या कामामुळे बेसबॉल आणि सॉफ्टबॉलशी माझा संबंध आला, कारण शालेय स्पर्धांत हे खेळही असतात. बेसबॉलमध्ये फलंदाजीचा क्रम सामन्याआधी लिहून पंचांच्या हाती द्यावा लागतो. नऊ जण त्याच क्रमाने येत राहतात. कुणी क्रम मोडून फलंदाजी केली आणि समोरच्यांनी वेळेत दाद मागितली, तर ज्याची पाळी होती तो बाद ठरतो. बदली केलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे तिथे हंगामाआधी पहिला कोण, चौथा कोण यावर हिरिरीने चर्चा होते, आणि प्रत्येक क्रमांकाला स्वतःचं काम असतं: पहिल्याने कसंही करून तळ गाठायचा, चौथ्याने जोरकस फटक्याने त्याला घरी आणायचं. आपल्याकडे चढायांचा क्रम कुठे लिहून द्यावा लागत नाही. नियमाचं बंधन नाही म्हणून आपण तो ठरवतच नाही आणि ऐन सामन्यात कप्तानाच्या तोंडाकडे बघत राहतो. त्या खेळातली ही लिहून ठेवायची शिस्त मला आपल्या मातीतही हवीशी वाटते.

पकडीच्या जागांचा वाद आळीवर जातो. वरच्या आळीचा डावा कोपरा आणि खालच्या आळीचं डावं कव्हर अनेक वर्षं शेजारी शेजारी उभे राहिलेले असतात. कोपऱ्याने घोटा धरला की कव्हर विचार न करता चढाईपटूच्या अंगावर कोसळतं. ही वेळ साधणं शिकवून येत नाही, सोबत खेळून येतं. अशात कुणीतरी म्हणतं, शेजारच्या पाड्यावर याहून तगडा कोपरा आहे, त्याला घ्या. एकटा बघितला तर तो खरंच तगडा असतो. पण त्याला घेतलं की जोडी मोडते. जोडी मोडायची असेल तर ती हंगामाआधी दोन-तीन आठवडे मोडावी, सरावाच्या सामन्यांत नवी जोडी जुळते का ते बघावं आणि मगच निर्णय करावा. बैठकीत हात वर करून जोड्या जुळत नाहीत. तिथे मी वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगतो, "काका, तुमच्या शब्दाचा मान आहे, पण या दोघांना आधी मातीत उतरू द्या."

वजनाचा काटा हा आणखी एक निवडकर्ता. पुरुष गटाला 85 किलोची मर्यादा आणि कुमार गटाला वीस वर्षं वयाची आणि 70 किलोची. गणपतीत मोदक आणि दिवाळीत फराळ, त्यामुळे काठावरची पोरं हमखास वर जातात. ज्याच्यावर आख्खी डावी बाजू उभी केली तोच वजनात बसला नाही तर सगळी मांडणी कोसळते. म्हणून नावं नक्की करण्याआधी काटा आणायचा, हा माझा नेम आहे. आणि कुमार गटातला गुणी पोरगा दोन्ही संघांत खेळवायचा मोह टाळायचा. एकाच रात्री दोन गटांचे सामने खेळलेल्या पोराचा गुडघा पुढे किती वर्षं दुखतो हे मैदानाला दिसत नाही, त्याच्या आईला दिसतं.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र पाळीचा. रोह्याची बरीच पोरं धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत काम करतात, पेणची डोलवीच्या पोलाद कारखान्यात आणि वडखळच्या आसपास. बहुतेक कंत्राटी. तीन पाळ्यांत काम चालतं. आमच्या गावस्पर्धा बाद पद्धतीच्या आणि रात्रभर चालणाऱ्या. आपला सामना आठला लागेल की मध्यरात्रीनंतर, सांगता येत नाही. सामना दोन वाजता संपवून सकाळी पहिल्या पाळीला फाटकावर उभं राहायचं आणि यंत्रापाशी डोळा लागू द्यायचा नाही, ही कसरत पोरं करतात. संघनिवडीत याचा विचार करायला हवा, असं मी पहिल्यापासून धरून चाललो. हंगामाआधी प्रत्येकाची पाळी लिहून घेतो. कोणत्या आठवड्यात कोण रात्रपाळीला आहे ते पाहून राखीव गडी ठरवतो. एखादा चांगला गडी रात्रपाळीमुळे येऊ शकला नाही तर त्याला 'गावासाठी खाडा कर' असं सांगायला मी कुणाला देत नाही. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे पगारात कपात, आणि कधी कधी कामावरच गदा. गावाची इज्जत पोराच्या पोटावर पाय देऊन राखायची नसते.

राखीव पाच जण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. बैठकीत सातांवर तासभर बोललं जातं आणि पाचांची नावं शेवटी, मंडळी उठता उठता भरली जातात. कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या, कुणी वर्गणी जास्त दिली. मग ही पोरं हंगामभर पाण्याच्या बाटल्या उचलतात आणि पुढच्या वर्षी टेनिस बॉलच्या क्रिकेटकडे वळतात. तिथे निदान फलंदाजी तरी मिळते. खरं तर कबड्डीत बदली खेळाडूला मोठा वाव आहे. बाहेर काढलेला गडी पुन्हा आत आणता येतो. म्हणजे समोर तीन गडी उरले असताना एक चढाईपटू, आपलेच तीन उरले असताना अव्वल पकडीसाठी एक खमका पकडपटू, असा कामापुरता बदल करता येतो. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर एक गुण जास्त मिळतो. त्या एका गुणावर हरलेले सामने जिंकलेले मी पाहिले आहेत. आठवा, नववा, दहावा गडी कोणत्या क्षणासाठी आहे हे आधी ठरलं तर तो बाकावर बसूनही खेळत असतो.

जानेवारी 2019 मध्ये पुरुषांची 66वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा रोह्यात झाली, तेव्हा मला हे पोरांना प्रत्यक्ष दाखवता आलं. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अजिंक्यपद मिळवलं होतं, त्यामुळे आमच्या भागात उत्साहाला उधाण आलं होतं. महाराष्ट्राच्या संघात कोण हवा होता आणि कोण नको, यावर पेण ते रोहा गाडीत सुद्धा वाद झडत होते. स्पर्धेत बाजी मारली रेल्वेने. मी आमच्या पोरांना सांगून ठेवलं होतं, "चढाईपटूकडे सगळेच बघतील, तुम्ही बाकाकडे बघा." कोण बाद झाला, आता उठणार कोण, कुणाला अंग गरम करायला उभं केलं, प्रशिक्षक विश्रांतीची वेळ नेमकी कधी मागतात, हे पोरांनी त्या गर्दीत बसून टिपलं. मॅटवरचे बूट, झेपा, वेग हे सगळं दूरदर्शन संचावर दिसतं. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाल्यापासून तर घरोघरी दिसतं. पण बाकाची शिस्त मैदानाजवळ बसूनच कळते. परत येताना आमचा एक राखीव पोरगा म्हणाला, "सर, त्यांच्या बाकावरचा प्रत्येक जण गुण मोजत होता." त्या वर्षीपासून आमच्या बारांतल्या बाराव्या गड्याचं, म्हणजे यादीतल्या शेवटच्या नावाचं, ठरलेलं काम आहे: बाद झालेल्यांचा क्रम लक्षात ठेवायचा आणि पुढे कोण उठणार हे कप्तानाला सांगायचं. हे काम आम्ही हुशार पोरालाच देतो.

मुलींच्या संघाबाबत प्रत्येकीचं काम आधी ठरवण्याची ही गोष्ट आणखी महत्त्वाची. मुलींचं मैदान 12 मीटर बाय 8 मीटर, डाव पंधरा मिनिटांचे. खेळात त्या कुठेही कमी नाहीत. त्यांच्या निवडीचा वाद मात्र सभामंडपात होत नाही, घराच्या ओटीवर होतो. सराव संपल्यावर अंधारात सोबत कोण, परीक्षा कधी, बारावीनंतर काय, असे प्रश्न येतात. त्यांत एक प्रश्न नेहमी असतो: "मास्तर, नेताव खरं, पण तिला खेळवताव का?" मुलीला रात्री बाहेर पाठवायचं आणि तिने नुसतं बसून यायचं, हे आईबापांना पटत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतही नाही. अशा वेळी मी प्रत्येकीचं काम लिहून ठेवलेली वहीच दाखवतो. तुमची लेक उजवं कव्हर आहे, दुसऱ्या डावात हिच्या जागी ती जाईल, आणि तिसऱ्या चढाईच्या वेळी साखळीचा हात तिचा. काम स्पष्ट असलं की घरचं दार उघडतं. एवढ्याने सगळ्या मुली खेळत राहतात असं नाही, पण नुसत्या 'बघू' या उत्तराने जेवढ्या गळतात त्याहून खूप कमी गळतात.

इतकी वर्षं या बैठकांना बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. यादी करताना आपण गुणवत्तेची उतरंड लावतो: हा पहिला, तो दुसरा, हा सातवा, तो बारावा. त्यातून मान आणि अपमान निर्माण होतात, आळ्या दुरावतात, वर्षानुवर्षं दोन घरांत बोलणं राहत नाही. बारा नावं ही बारा कामं आहेत असं धरलं तर भांडणाचा रोखच बदलतो. मग 'माझा पोरगा का नाही' हा प्रश्न 'हे काम याच्यापेक्षा कोण नीट करील' असा होतो, आणि त्याला उत्तर देता येतं. सरावात बघून, मोजून, दाखवून देता येतं. ज्याला जागा मिळत नाही त्यालाही काय कमवायचं ते कळतं.

म्हणून पेण, रोहा, नागोठणे, कोलाड, खारेपाटातल्या सगळ्या मंडळांना माझी विनंती आहे. वाद घाला, भरपूर घाला. वादाशिवाय संघ होत नाही आणि ज्या गावात संघावरून वाद होत नाहीत तिथे खेळ संपत आलेला असतो. पण तो हंगामाआधी घाला, पोरांच्या समोर घाला आणि संपवा. बारा नावं वहीत लिहा, प्रत्येक नावापुढे त्याचं काम लिहा, चढाईचा क्रम लिहा, पाळीचा आठवडा लिहा. मग ते सभामंडपात मोठ्याने वाचून दाखवा आणि वाचताना बाराव्या नावापासून सुरुवात करा.